चुंबकावर गिरणी फिरेल का?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक बाई मोबाईल घेऊन आली. व्हिडिओत एक चाक होतं. त्याला गोल चुंबकं लावलेली. चाक आपोआप फिरत होतं आणि बल्ब पेटला होता. तिला अशी मोटार गिरणीला लावायची होती. "ताई, एकदा चाळीस हजार घातले की लाईटबिलाची कटकट गेली," ती म्हणाली. त्यासाठी तिला गटाकडून कर्ज पाहिजे होतं. निम्म्या जणी तयार झाल्या. त्यात मीही होते.

माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं काम शिकतो. तो म्हणाला, "आई, पैसे देण्याआधी घरी करून बघू." निलंग्यातल्या भंगारातून जुन्या स्पीकरची चुंबकं आणली आणि सायकलच्या चाकाला बांधली. एक चुंबक बाहेर धरलं की चाक झटक्यात फिरायचं, मग एका जागी अडायचं, थोडं मागंपुढं हलून थांबायचं. चुंबकं तिरकी लावली, कमीजास्त केली. पंधरा दिवस तेच.

का थांबतं? चुंबकाची ओढ म्हणजे उतार समजा. उतारावर गाडी आपोआप पळते, पण पुन्हा वर न्यायला तेवढाच जोर लागतो. चुंबक जवळ ओढताना जेवढं देतं, तेवढंच दूर जाताना परत घेतं. त्यात आसाच्या घासण्यात थोडं वाया जातं. म्हणून चाक थांबणारच.

मग मुलानं खरी मोटार केली. ती तुम्हीही मुलांकडून करून घ्या. वाइंडिंगवाल्याकडून वार्निश असलेली तांब्याची तार आणा. पेन्सिल सेलभोवती दहा वेढे द्या आणि वेटोळं काढून घ्या. दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवा. एका टोकाचं वार्निश सगळीकडून खरवडा, दुसऱ्याचं फक्त एका बाजूनं. सेलच्या दोन्ही तोंडांना रबरानं सेफ्टी पिना बसवा, त्यांच्या भोकांत तारेची टोकं अडकवा आणि वेटोळ्याखाली सेलवर चुंबक ठेवा. बोटानं हलका धक्का द्या, वेटोळं गरगर फिरतं. अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते, म्हणून ते अडकत नाही. सेल तापतो, जास्त वेळ चालवू नका. घरच्या लाईटला ही तार कधीच जोडू नका. बारीक ताकदवान चुंबकं लहान लेकरांपासून दूर ठेवा. दोन गिळली तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेततं.

बैठकीत आम्ही ही मोटार फिरवली आणि मग सेल काढला. चुंबक तिथंच होतं, पण वेटोळं थांबलं. सगळ्याजणी गप्प झाल्या. चुंबक मोटारीला मदत करतं, पण फिरवण्याचा खर्च सेलच करतो.

ही आस जुनीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक वर्णिलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. एवढ्या विद्वान माणसाला ते चाक सुचलं, तर आपण भुललो यात लाज कसली? पण जगात कुणाचंही चाक असं फिरत राहिलेलं नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं 1775 साली असे दावे तपासणंच बंद केलं. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यातही निसर्गनियमाविरुद्धच्या दाव्याला पेटंट नाही.

हिशेब बघा. गिरणीची 10 अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासभर चालली की निदान साडेसात युनिट लागतात. ते कुठून तरी यायलाच हवेत.

चुंबकाचा खरा फायदाही आहे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, तर चुंबकाची बीएलडीसी मोटार असलेला सुमारे 30. रोज दहा तास चालवला तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात.

आम्ही त्या बाईला कर्ज दिलं, पण साध्या मोटारीसाठी. व्हिडिओवाल्याला निरोप धाडला: यंत्र घेऊन या, आमच्या अंगणात मोकळ्या जागेवर ठेवा, आम्ही उघडून बघू आणि भार लावून रात्रभर चालवू, मग पैशाचं बोलू. तो अजून आलेला नाही. तुमच्या गटात कुणी असा आला, तर हेच सांगा.