हातांची विद्या आणि संशोधनाची कसोटी
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर आणि इंजिनिअर. आज मी तिसरा शब्द आणला आहे, कायरोप्रॅक्टिक. हातांनी मणके व सांधे हलवून उपचार करण्याची ही विद्या. आपल्या हाडवैद्याचे दूरचे नातलग म्हणा हवे तर!

अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचे बहिरेपण गेले, असा दावा केला. पुढे त्यांनी शाळाही काढली. आता कोणीही चौकस विद्यार्थी विचारील की, ऐकण्याची नस कवटीच्या आतच असते, मग पाठीचा मणका दाबून कान कसा उघडला? हा प्रश्न धीटपणे विचारणे, हेच या विषयातील प्राध्यापकाचे काम होय.

ते सोपे नाही. औषधाची परीक्षा घेताना काहींना नकली गोळी देता येते व कोणाला कोणती दिली हे डॉक्टरपासूनही लपविता येते. परंतु ज्याने पाठ दाबली त्याला ते ठाऊक असतेच! तरीही चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये २००४ साली १३३४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीत फायदा दिसला, पण माफक. १९९८ साली कॅनडातील दमेकरी मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयातील संशोधकही होते. खऱ्या आणि नकली उपचारांत फरक आढळला नाही, आणि त्यांनी तसे छापले. स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणारा निकाल छापणारे असे लोक मला मोठे वाटतात.

डेन्मार्कमध्ये ओडेन्स येथे १९९४ पासून हा अभ्यासक्रम विद्यापीठात आहे. तेथील विद्यार्थी सुरुवातीची वर्षे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकतात. मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे, भारतात या पदवीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपीला २०२१ च्या कायद्याने स्थान दिले आहे. तेव्हा कर्ज काढून मुलाला वा मुलीला परदेशी धाडण्यापेक्षा आधी येथे फिजिओथेरपीची पदवी, नंतर संशोधन, हा मार्ग मला अधिक सुरक्षित दिसतो. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल त्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

आणि कोणत्याही महाविद्यालयाचे माहितीपत्रक हाती आले, तर इमारतीचे फोटो बाजूला ठेवून एवढेच विचारा की, तुमच्या अध्यापकांत पीएच. डी. किती आणि त्यांनी काय छापले आहे?