दुरुस्तीची नोंद आणि प्रमाणित करणारा हात

वाशीम जिल्ह्यातील सहांपैकी कोणत्याही तालुक्यात जमिनीचा खरेदी-विक्रीचा वा वारसाचा प्रश्न उपस्थित झाला, की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. नोंदीला क्रमांक मिळतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. महसूल खात्याच्या अंगवळणी पडलेली ही शिस्त संगणकाच्या जगात मात्र बरीच उशिरा आली.

संगणकाच्या अनेक आज्ञावली मुक्त स्रोताच्या असतात. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, त्यात दुरुस्ती सुचविता येते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये अशा आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले. दुरुस्तीला तेथे 'पॅच', म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. कोणत्या ओळी काढावयाच्या व कोणत्या घालावयाच्या, एवढेच त्यात लिहिलेले असते. समजा, रिसोडच्या एखाद्या शिक्षिकेला संगणकावर 'दऱ्या' हा शब्द चुकीचा उमटताना दिसला आणि तिच्या विद्यार्थ्याने दुरुस्ती लिहून पाठविली. ती पोहोचते त्या आज्ञावलीच्या देखभालकर्त्याकडे. त्याचे काम मंडळ अधिकाऱ्यासारखेच. फरक इतकाच, की पुष्कळदा त्याला वेतन नसते आणि हाताशी कारकूनही नसतो.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सच्या दुरुस्त्या प्रारंभी ई-मेलने थेट लिनस टॉरवल्ड्स यांच्याकडे जात. काम वाढले तशा त्या गहाळ होऊ लागल्या. दुरुस्ती नाकारली गेली, की वाचावयाचीच राहिली, हे पाठविणाऱ्यास कळत नसे. तीच पुन्हा पाठविणे हा एकच उपाय. आज लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते व तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. एवढा पसारा एका माणसाच्या स्मरणावर चालणे शक्यच नव्हते.

यावर जेरेमी कर यांनी 'पॅचवर्क' ही आज्ञावली तयार केली. येणाऱ्या ई-मेलमधून ती दुरुस्ती ओळखते, तिची स्वतंत्र नोंद करते, तपासनिसांचे अभिप्राय त्या नोंदीखाली लावते आणि नवीन, विचाराधीन, स्वीकृत, नाकारलेली अशी तिची स्थिती सर्वांना दाखविते. जुनी दुरुस्ती मागे घेऊन नवी पाठविली, की खरी अडचण येते. मजकुरावरून यंत्र दुरुस्तीचा जणू अंगठा घेते, पण एक ओळ बदलली तरी तो अंगठा जुळत नाही. म्हणून पाठविणाऱ्यानेच 'दुसरी आवृत्ती' असे स्पष्ट लिहावे लागते. अर्जावर मागील संदर्भ न लिहिणाऱ्यांचा अनुभव कार्यालयांना आहेच!

आपल्याकडे ई-फेरफार योजनेत दस्त नोंदविला, की त्याची माहिती संगणकाद्वारे महसूल यंत्रणेकडे जाते आणि फेरफाराची नोटीस 'आपली चावडी'वर कोणालाही पाहता येते. नोंद गहाळ होण्याची भीती त्यामुळे कमी होते. नोंद बरोबर आहे की नाही, हे मात्र प्रमाणित करणाऱ्यालाच पाहावे लागते.

'ओपनएसएसएल' या सुरक्षेच्या आज्ञावलीत २०११ च्या अखेरच्या दिवशी एक सदोष दुरुस्ती रीतसर तपासून स्वीकारली गेली. तो दोष २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावाने उघडकीस आला, तेव्हा त्या आज्ञावलीसाठी पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. 'एक्सझेड' या आज्ञावलीची कथा अधिक गंभीर आहे. दुरुस्त्या प्रलंबित असल्याच्या तक्रारींचा २०२२ मध्ये तिच्या एकट्या, थकलेल्या देखभालकर्त्यावर भडिमार झाला. त्या दडपणाखाली त्याने एका तत्पर मदतनीसाला अधिकार दिले आणि त्याच मदतनिसाने पुढे आज्ञावलीत चोरदार बसविले. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते उघड केले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. तेवढ्यावरून त्यांना शंका आली होती.