चिलीची द्राक्षं आणि सरकारची कामं



विषय मोठा आहे, मुक्त व्यापार, खासगीकरण आणि विकसनशील देश. मी एकच देश घेतो, चिली. समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे, त्यांना उलथवणारं 1973 चं लष्करी बंड, हुकूमशहा पिनोशे, त्याची आर्थिक धोरणं आखणारे शिकागोत शिकून आलेले ते तरुण अर्थतज्ज्ञ, हे तुम्ही वाचलेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझं मत आधीच सांगतो. दारं उघडल्याने चिलीचा फायदा झाला, भरपूर झाला. पण तो टिकला तिथे, जिथे सरकार आधीपासून वर्षानुवर्षं खपत होतं.

बंडाच्या वेळी आयात शुल्काची सरासरी 94 टक्क्यांच्या घरात होती. 1979 पर्यंत ते, मोटारींसारखे अपवाद सोडले तर, सरसकट 10 टक्क्यांवर आणलं. सरकारी कंपन्या आणि बँका विकल्या. घेणाऱ्यांनी त्या बऱ्याचशा उधारीवर घेतल्या, आणि मग आपल्याच बँकेतून आपल्याच कंपन्यांना कर्जं दिली. डॉलर 39 पेसोला बांधून ठेवलेला, त्यामुळे परदेशातून कर्ज काढणं स्वस्त. 1982 मध्ये सगळं कोसळलं. एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 14 टक्क्यांनी घटलं, आणि 1983 च्या जानेवारीत त्याच सरकारला मोठमोठ्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. शिकागोच्या वाटेने समाजवाद आला, असा विनोद तेव्हा तिथे चालत होता. (हशा)

आता द्राक्षं. नाशिकमध्ये बोलताना द्राक्षांवर यायचं नाही, हे कसं जमेल? आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. अमेरिकेत बर्फ पडत असताना चिलीत द्राक्ष काढणीला येतं, ही निसर्गाची देणगी. पण ती देणगी 1940 मध्येही होतीच की! निर्यात का वाढली नाही? कारण माणसं नव्हती. 1965 मध्ये चिली विद्यापीठाने कॅलिफोर्निया विद्यापीठाशी करार केला आणि तरुण कृषिशास्त्रज्ञ तिकडे शिकायला गेले. कोर्फो ही 1939 ची सरकारी विकास संस्था. तिने साठच्या दशकात फळबागांची योजना आखली, रोपं आणि शीतगृहं यांच्यामागे पैसा लावला. दारं नंतर उघडली. बाग आधी लागली होती.

पण उघड्या दारातला धंदा नाजूकही असतो. 1989 च्या मार्चमध्ये सांतियागोतल्या अमेरिकी वकिलातीत निनावी फोन आला, की फळांत विष घातलंय. फिलाडेल्फियाच्या बंदरात तपासणी झाली आणि दोन मण्यांत सायनाइडचा अंश सापडला. दोन मणी! अमेरिकेने चिलीची फळं अडवली, दुकानांतून काढायला लावली. बंदी काही दिवसांतच उठली, पण ऐन हंगाम होता. फळ सडलं, आणि बागेत व पॅकहाउसमध्ये हंगामी काम करणाऱ्या बायकांची मजुरी बुडाली. पिनोशेच्या कामगार कायद्याने या हंगामी मजुरांना सामूहिक वाटाघाटींचा हक्कच ठेवला नव्हता. मुक्त व्यापाराची स्तुती करणारे या बायकांबद्दल बोलत नाहीत, याचा मला राग आहे.

अशा वेळी शेतकऱ्याच्या मागे कोण उभं राहणार? परदेशी निरीक्षकाला पटेल असा दाखला एकटा बागायतदार देऊ शकत नाही. चिलीच्या सरकारी कृषिसेवेने उत्तरेच्या सीमेवर फळमाशीशी वर्षानुवर्षं झुंज दिली, आणि 1995 मध्ये देश त्या माशीपासून मुक्त जाहीर झाला. हे काम कुठल्या खासगी कंपनीने अंगावर घेतलं असतं?

मागून कुणी विचारतंय, हुकूमशहाचं कौतुक चाललंय का? नाही! अजिबात नाही. त्या राजवटीत 3,000 हून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. अर्थकारणापुरतंही बघा. 1987 मध्ये, म्हणजे 14 वर्षांच्या राजवटीनंतर, सुमारे 45 टक्के लोक गरीब होते. 1990 नंतर निवडून आलेल्या सरकारांनी दारं मिटली नाहीत, उलट 1991 मध्ये शुल्क आणखी उतरवलं; पण कर वाढवून गरिबांवर खर्च केला आणि अल्पमुदतीच्या परदेशी पैशाला लगाम घातला. 2000 पर्यंत गरिबी 20 टक्क्यांच्या आसपास आली. हे श्रेय लोकशाहीचं आहे, आणि ते मी कुणाला हिरावू देणार नाही. (टाळ्या)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पेन्शनचं खासगीकरण आणि विषमतेविरुद्धचं 2019 चं आंदोलन राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. तांब्याचं मात्र सांगतोच. आयेंदेंनी 1971 मध्ये राष्ट्रीयीकृत केलेल्या मोठ्या खाणी पिनोशेनेही विकल्या नाहीत. त्या खाणी चालवणाऱ्या कोडेल्को या सरकारी कंपनीच्या तांब्याच्या विक्रीतले 10 टक्के कायद्यानेच लष्कराला जात होते, मग विकणार कोण? ती कंपनी आजही सरकारी आहे.

इथल्या बागायतदारांना शेवटची विनंती. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तो हंगाम तुम्ही विसरला नसाल. मंत्र्यांकडे जाल तेव्हा निवेदनात अनुदानाच्या आधी अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा, निरीक्षक आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रासाठी पैसा मागा.