वन्यजीव पर्यटन आणि आपला गाव
(हमरापूर येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेले भाषण)



हमरापूरचे नाव निघाले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. परंतु पेणहून पनवेलकडे जाताना महामार्गालगत कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते, हेही आपणांस ठाऊक आहे. 1968 साली ते झाले तेव्हा क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते, पुढे ते सुमारे 12 झाले. एवढ्याशा रानात सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसे लोटतात. भृंगराज आणि शीळ घालणारा कस्तुर ऐकायला यायचे आणि गाणी लावून बसायचे, याला काय म्हणावे?

पाहुणे नकोत, असे माझे म्हणणे नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचे उदाहरण पाहा. तेथील किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केले. अंडी काढून कुंपणाच्या आत, जेवढी खोल सापडली तेवढ्याच खोल पुरायची. सुमारे 50 दिवसांनी पिले वर येतात. ती पाहण्यासाठी 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, घरचेच जेवण जेवतात. म्हणजे पैसा माजघरापर्यंत पोहोचतो. ज्या घराला कासवामुळे चार पैसे मिळतात, ते घर अंडी का चोरील?

मात्र तेथेही गर्दी झाली की अडचण होतेच. पिले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर विजेरी पाजळली की ती समुद्राऐवजी भलतीकडे जातात. म्हणून दोरी बांधणे, पिलांना हात लावू न देणे, हे गावालाच करावे लागते. पाहुण्याला नाही म्हणायला शिकावे लागते, आणि हे आपल्याला जड जाते खरे.

आता आपल्याकडचे. पेणच्या खारेपाटात तिवरांत आणि चिखलात हिवाळ्यात पाखरे उतरतात. तीच तिवरे लाटांचा जोर मोडून बाहेरकाठ्याचे रक्षण करतात. बाहेरकाठा फुटला तर खारे पाणी भातात शिरते, आणि ती जमीन सुधारायला किती पावसाळे लागतात, ते तुम्ही मला सांगा! 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीस मनाई केली आहे. तेव्हा पाखरे दाखवण्यासाठी तिवरे तोडून वाट किंवा वाहनतळ करू नये. बांधावरून चालत नेले तरी पुरते.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले आहे. नोंदणी करण्यापूर्वी गावाने एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात: दिवसाला किती माणसे घ्यायची, आणि रानडुक्कर-वानरांनी ज्याचे पीक खाल्ले त्याच्या घरी पाहुणे आधी उतरवायचे की नाही. दुसऱ्या प्रश्नावर भांडण होईल. ते पाहुणे येण्याआधीच झालेले बरे.