शिशाविना विजेची घागर

मंडळी, घरचा पंखा कधी नुसता गुरगुरतो, फिरत मात्र नाही. काठीनं पातं ढकललं की चालू लागतो. मग मिस्त्री येतो न् म्हणतो, "कंडेन्सर गेला." आपल्या शेवगावात विजेच्या दुकानी तो मिळतो. विहिरीवरच्या लहान मोटारीलाही लागतो. याचंच दुसरं नाव कपॅसिटर.

त्यात असतं काय? धातूचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये वीज जाऊ न देणारा पदार्थ. एवढ्यावर वीज साठते. तुम्ही म्हणाल, बॅटरीतही साठते, मग फरक कोणता? बॅटरी ही कणगी समजा. तिच्यातलं धान्य बेताबेतानं काढायचं. कपॅसिटर ही घागर. तिच्यात थोडं मावतं, पण एका दमात उपडी होते. हृदय नुसतं थरथरू लागलेल्या रोग्याला दवाखान्यात विजेचा झटका देतात, तो अशाच घागरीतून येतो.

पंख्याच्या कपॅसिटरात प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. मोबाईलमधल्या बहुतेकांत मात्र भाजलेली खापर असते. पांढरी भुकटी कालवायची, थर द्यायचे आणि भाजायचे. काम कुंभाराचंच, पण आच आव्याहून फार मोठी, सुमारे १३०० अंशांची. एका मोबाईलमध्ये असे शेकडो दाणे बसतात, तांदळाच्या कणीहूनही बारीक. ही भुकटी बेरियम आणि टायटॅनियम यांची. दुसऱ्या महायुद्धात अभ्रकाची टंचाई पडली, तेव्हा तिचा शोध लागला. तिच्यात शिसं नाही.

पण थोड्या जागेत मोठा जोर हवा असेल, तर खापरीत शिसं घालतात. तशी खापर विजेचा जास्त ताण सोसते आणि घेतलेलं बरंचसं परत देते. गुण खरा, पण शिसं हे विष आहे. भट्टीत त्याची वाफ होते. भंगार उघड्यावर जाळलं की धुरातून न् राखेतून ते पसरतं. लहान मुलाच्या मेंदूला ते अपाय करतं, आणि ती हानी भरून येत नाही. अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही.

म्हणून युरोपानं १ जुलै २००६ पासून विजेच्या वस्तूंतल्या शिशाला हजारात एक भाग अशी मर्यादा घातली. आपल्या देशात तसा नियम १ मे २०१४ पासून लागू झाला. युरोपानं जास्त दाबाच्या कपॅसिटरच्या खापरीला मात्र सूट ठेवली, कारण तोडीस तोड दुसरी खापर हाती नव्हती.

ती शोधण्याचं काम जगभर चालू आहे. कोणी बिस्मथ आणि सोडियम घेतो. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच. कोणी चांदी घालतो. चांदीचा भाव तुम्हांला आम्ही काय सांगावा! अडचणी दोन. घेतलेल्या विजेतली काही उष्णता होऊन वाया जाते. दुसरं, भाजताना बारीक छिद्र राहिलं, की जास्त दाबाला खापर तिथंच फुटते. आमच्या मते दुसरी अडचण कोणत्याही कुंभाराला लगेच कळेल.

आता घरचं बघा. जुना मोबाईल, चार्जर, रेडिओ चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका. तांब्याच्या तारेसाठी पोरं जाळतात, त्यांना आवरा. आणि लाईट गेली तरी कंडेन्सरला हात लावू नका, त्यात वीज उरलेली असते.

आम्ही पंख्याचा एक जुना कंडेन्सर आणला आहे. त्यातली वीज मिस्त्रीकडून काढून घेतली आहे. एकेकानं हाती घेऊन पाहा.