शिकवणारीच्या पाठीशी गट हवा
(प्रभागसंघाच्या बैठकीतलं मनोगत, छत्रपती संभाजीनगर)

गटातल्या बायांना इंग्रजी शिकवायला आपल्याच पोरी पुढं आल्या, त्यांचं कौतुक आहे. पण शिकवणंही शिकावं लागतं. सावित्रीबाई आधी शिकवण्याचं शिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या. पुढं 1855 मध्ये फुले दांपत्यानं कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली.

पोरींनो, एबीसीडीपासून सुरू करू नका. बँकेच्या मेसेजमध्ये 'डेबिटेड' म्हणजे पैसे गेले, 'क्रेडिटेड' म्हणजे आले, हे आधी ओळखू द्या. मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सवय लागली, की ओटीपीही त्याच्या हाती जातो. कुणी चुकलं तर हसू नका. मोठं माणूस एकदा लाजलं की परत येत नाही.

आणि गटानं काय करायचं? शिकवायला दोघी-दोघी ठेवा. महिन्याच्या बैठकीत हप्ते घेण्याआधी त्यांच्या अडचणी विचारा.