निनावी ग्रंथाची कर्ती

१६९० साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे तत्त्वज्ञानाचा एक लॅटिन प्रबंध छापला गेला. त्यावर कर्त्याचे नाव नव्हते. तो लिहिणारी इंग्लंडची अ‍ॅन कॉन्वे १६७९ सालीच निवर्तली होती. विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद. म्हणून केंब्रिजच्या हेन्री मोर यांच्याकडून ती पत्रांद्वारे शिकली, आणि पुढे गुरूचेही मत तिने नाकारले.

देकार्तने चैतन्य आणि जड यांची फाळणी केली होती. कॉन्वेचा सवाल असा, की दोहोंत काहीच समान नसेल, तर देहाच्या दुखण्याने आत्मा का कळवळतो? हा सवाल पुस्तकी नव्हता. तीव्र डोकेदुखीने ती वर्षानुवर्षे पीडित होती. तिच्या मते निव्वळ मृत जड असे काही नाहीच; सारी सृष्टी एकाच द्रव्याची, भेद केवळ प्रतीचा. लाइब्निझने तिचा गौरवाने उल्लेख केला. पाठ्यपुस्तकांत लाइब्निझ राहिला, कॉन्वे गळाली.

ती उमरावाची पत्नी होती, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे; देकार्त तरी कुठे गिरणी कामगार होता? उमरावपत्नीची ही गत, तर तिच्या दासींच्या विचारांची नोंद कोण ठेवणार? मात्र यादीत एक स्त्रीनाम वाढवल्याने न्याय होत नाही. अभ्यासवर्गात देकार्तबरोबरच कॉन्वेचा आक्षेपही शिकवला जावा. तिचे सर्वव्यापी चैतन्य भौतिकवाद्यांना मानवणार नाही. त्यांनी तिच्याशी खुशाल भांडावे.